भाजलेल्या मातीवरची रेघ

मनमाडहून भुसावळकडे जाणाऱ्या प्रवाशाला नांदगांव म्हणजे खिडकींतून दिसणारी एक पाटी, यापलीकडे कांहीं वाटत नाहीं. परंतु १९०० च्या सुमारास निजामच्या राज्यांतील लोहमार्ग मनमाडला येऊन मिळाला, त्यापूर्वीं वेरूळचीं लेणीं पाहावयास निघालेले लोक याच स्टेशनावर उतरत आणि टांग्यानें पुढें जात. दगडांतील कोरीव कामाच्या ओढीनें निघालेल्या त्या मंडळींनीं वाटेंतील एखाद्या कुंभाराच्या अंगणाकडे ढुंकूनही पाहिलें असेल, असें मला वाटत नाहीं. मीं पाहिलें, तेंही कोरण्याच्याच नादापायीं.

त्याचें असें झालें. नांदगांवच्या एका वृद्ध कुंभाराकडून एकदांच भाजलेलें, बिनझिलईचें एक मडकें मीं विकत घेतलें आणि पोलादी टोच्यानें त्यावर वेलबुट्टी कोरण्याचा घाट घातला. पुस्तकी ज्ञान भरपूर होतें! पहिली रेघ घसरली, दुसरीच्या कडेचा टवका उडाला आणि तिसरीला मडक्याच्या गळ्यापासून बुडापर्यंत तडा गेला. म्हातारा शांतपणें म्हणाला, "गुरुजी, ही माती तुमचं ऐकत होती ती आव्यात घालण्याआधी. आता तिच्या कलानं घ्यावं लागतं."

दुसरें मडकें त्यानें स्वतःच निवडलें, टिचकी मारून, कानाजवळ धरून. तें त्यानें रात्रभर पाण्यांत भिजत ठेवलें. भिजलेल्या भांड्याची भुकटी उडत नाहीं. आणि ही भुकटी छातींत जाऊन बसली तर पुढें फुप्फुसांना अपाय करते, हें वैद्यकशास्त्रही सांगतें. मग वाळूनें भरलेल्या पोत्याच्या खळग्यांत भांडें बसविलें, कोळशानें नक्षी आंखली आणि मला बजावलें कीं, जोर लावावयाचा नाहीं. एकाच रेघेवरून दहा वेळां हलका हात फिरवावयाचा. वळण आलें कीं मडकें फिरवावयाचें, मनगट नव्हे. एक कमळाची पाकळी पुरी करण्यास मला एक अख्खी दुपार लागली.

याचें कारण मातीच्या स्वभावांत आहे. सुमारें ६०० अंश सेंटिग्रेड उष्णतेपर्यंत मातीच्या घटकांत बांधलेलें पाणी निघून जातें आणि मग तिला पुनः चिखल होतां येत नाहीं. गुजरातींत म्हण आहे कीं, पक्क्या घड्याला कांठ चढत नाहीं. कांठ चढत नाहीं हें खरें. रेघ मात्र चढते, आणि ती कोणी ओढली हा इतिहासाचा मोठा गमतीचा प्रश्न आहे.

भिंगाखालीं दोन्ही रेघा निरनिराळ्या दिसतात. ओल्या मातींत ओढलेल्या रेघेच्या दोहों कडांना मातीची बारीक वरंबी उठते. भाजल्यानंतर ओढलेली रेघ खरबरीत असते, कडेचा लेप तुटलेला असतो. पहिली रेघ बहुधा कुंभाराची. दुसरी बहुधा भांडें वापरणाराची. १९५०–५१ सालीं सांकळिया आणि देव यांनीं नाशिक व संगमनेर तालुक्यांतील जोर्वें येथें उत्खनन केलें. जोर्वेच्या नांवानें ओळखलीं जाणारीं तांबडीं भांडीं इ. स. पूर्वीं सुमारें १४०० ते १००० या काळांतलीं. त्यांवरील काळी नक्षी कुंभाराच्या घरचीच, म्हणजे आव्यांत जाण्यापूर्वींची. उलट दक्षिणेंतील महापाषाणकालीन भांड्यांवरील खुणा पाहा. ब्रजवासी लाल यांनीं १९६० सालीं त्यांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या खुणा बहुतेक भाजल्यानंतर ओरखडलेल्या आहेत. तांबड्या समुद्रावरील कुसैर या जुन्या बंदरांत तर खापरांवर कणन् आणि चातन् हीं तामिळ नांवें मिळालीं. भांडें घडविणारा कोण, हें कोणास ठाऊक नाहीं. "हें माझें" म्हणणारा मात्र दोन हजार वर्षें टिकला! अथेन्सच्या नागरिकांनीं तर फुटक्या खापरांवर नांवें ओरखडून आपल्याच पुढाऱ्यांना हद्दपार केलें.

यांत नवल वाटावयास नको. आपल्या घरांतील पितळी तांब्यावर लग्नांत नांव आणि तारीख घातलेली असते. तांबटाचें नांव तेथें कोण शोधतो?

भांडें घडविणारा आणि नक्षी काढणारा हे दोन निराळे मनुष्य असावे, ही गोष्ट पुढें मुंबईंत शाळेच्या शिस्तीनें झाली. १८५७ सालीं सुरू झालेल्या जमशेटजी जीजीभाईंच्या कलाशाळेंत १८७० नंतरच्या दशकांत जॉर्ज टेरी यांनीं कुंभारकामाला चालना दिली. सिंधमधील झिलईच्या भांड्यांची पद्धत आणि अजिंठ्याच्या भिंतींवरील आकृति यांचा तेथें संगम झाला. ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला उतरवीतच होते. १९१० सालीं सर जॉर्ज क्लार्क यांच्या नांवानें शाळेंत प्रयोगशाळा निघाली, तेव्हां अभ्यासासाठीं पहिली कला म्हणून कुंभारकामच निवडण्यांत आलें. तीं भांडीं सुंदर आहेत यांत शंका नाहीं. परंतु संग्रहालयांतील पाटीवर शाळेचें नांव असतें, क्वचित् अधीक्षकाचें. चाकावर बसलेल्याचें नांव मला अद्याप आढळलेलें नाहीं. ही तक्रार लहान आहे असें मला वाटत नाहीं.

माझें मडकें पांचव्या दिवशीं पुरें झालें. चरांत काजळी चोळली, ओल्या फडक्यानें वरचें अंग पुसलें आणि कमळ उठून दिसूं लागलें. मीं तें मोठ्या ऐटीनें म्हाताऱ्यापुढें धरलें. त्यानें नक्षीकडे एकवार पाहिलें, आंत हात घालून आपल्या थापीनें घडविलेली भिंत बोटांनीं चाचपली आणि एका पाकळीपाशीं थांबून म्हणाला, "इथं फार खोल गेलात. पाणी भरून ठेवा बरं. सकाळी बघू, पाझरतं का ते."