पाऊण इंची युनियन

शिकागोहून चुलतभावाचा फोन आला तेव्हा बेटम्यात रात्रीचे दहा वाजले होते आणि बाबा गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक खोलून बसले होते. वय 82. पण घरात कुठे पाणी ठिबकत असलं की त्यांना झोप लागत नाही. मी एका हातात टॉर्च धरला होता, दुसऱ्या हातात फोन. भाऊ सांगत होता की त्याची कंपनी आता तिथल्या मेकॅनिकल आणि प्लंबिंग ठेकेदारांच्या संघटनेत दाखल झाली. मी फोन स्पीकरवर टाकला.

"म्हणजे मालकांची युनियन?" बाबांनी विचारलं.

"हो काका. पण आमच्या इथे अट अशी की आधी कामगारांच्या युनियनशी करार हवा. बिनकराराच्या ठेकेदाराला त्यात जागा नाही."

बाबांनी पान्हा खाली ठेवला. "मालकांच्या पंगतीत बसायला मजुरांची चिठ्ठी लागते?" म्हणाले आणि बराच वेळ हसत राहिले. मग हळूच म्हणाले, "आबांना सांगायला हवं होतं रे हे."

आबा म्हणजे माझे आजोबा. इंदूरच्या एका कापडमिलच्या बॉयलर हाऊसमध्ये ते फिटर होते. वाफेचे पाइप, त्यांचे वॉल्व, त्यांची गळती यांतच त्यांचा जन्म गेला. मी दहा वर्षांचा असताना त्यांनी मला पहिला धडा दिला तो अक्षरांचा नव्हे, आट्यांचा. वाइसमध्ये पाइप आवळायचा, डाय चढवायची, तेलाचे थेंब सोडत अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. आटे पडले की त्यावर सफेदा लावायचा आणि आट्यांच्या दिशेनं सूत गुंडाळायचं. उलटं गुंडाळलं तर आवळताना ते बाहेर येतं. मग त्यांनी फरशीवर फिटिंगं मांडली आणि परीक्षा घेतली.

"सॉकेट काय करतं?"

"जोडतं."

"एल्बो?"

"वळवतो."

"टी?"

"वाटून देतो."

"आणि युनियन?"

"जोडते," मी म्हणालो.

"चूक. जोडायला सॉकेट आहे की. युनियन उघडते."

त्यांनी करून दाखवलं. लाइन दोन्ही टोकांनी पक्की बसलेली आहे असं समजा. मधला तुकडा काढायचा आहे. पाइप फिरवला तर एका टोकाचे आटे सुटतात, पण त्याच फेऱ्यानं दुसऱ्या टोकाचे आणखी आवळतात. कितीही जोर लावा, लाइन सुटत नाही. शेवटी करवत घ्यावी लागते आणि चांगला पाइप कापावा लागतो. मध्ये युनियन असेल तर? दोन पाने लावायचे, एकानं एक टोक धरून ठेवायचं, दुसऱ्यानं नट फिरवायचा. दोन्हीकडचे पाइप जागच्या जागी, आणि लाइन उघडी. काय अडकलंय ते काढा, वायसर बदला, नट पुन्हा आवळा. "ही नसती तर दर भांडणाला करवत लागली असती," आबा म्हणाले. मी समजलो, पाइपाबद्दल बोलतायत.

ते मिलबद्दलही बोलत होते. इंदूरच्या मिल मजदूर संघाचं बिऱ्हाड श्रम शिविरात. संघाचे पुढारी व्यंकटेश विष्णू द्रविड यांचं नाव आबा घेत ते आवाज उतरवून, देवघरात घ्यावं तसं. संघाची बैठक गांधीवादी, अहमदाबादच्या 1920 च्या मजूर महाजनाच्या वळणाची. त्या नावातच एक गंमत आहे. महाजन म्हणजे गुजरातेत व्यापाऱ्यांचा संघ, शेठ लोकांची पेढी. मजुरांनी आपल्या संघटनेला नाव घेतलं ते मालकांच्या संघटनेचं. दुसरीकडे होमी दाजींचा लाल बावटा. 1962 साली ते इंदूरहून लोकसभेवर निवडून गेले. आबा द्रविडांचे आणि आबांचा जोडीदार दाजींचा. दोघं एकाच डब्यातून जेवत आणि जेवणानंतर भांडत. आजी म्हणायची, यांचं भांडण पचनासाठी आहे, होऊ द्या.

आजीच्या गोष्टी मात्र पाण्याच्या. 1939 साली गंभीर नदीवर यशवंत सागर बांधला. तो भरला की सायफन आपोआप चालू होतात, माणसाला हात लावावा लागत नाही, हे ती आम्हाला जादूसारखं सांगे. पण शहर वाढलं आणि ते पाणी पुरेना. रात्री तीनला नळावर घागरींची ओळ लागायची. प्रत्येकीची घागर तिच्या जागी उभी आणि बायका ओट्यावर पेंगत. 1970 साली नर्मदेचं पाणी आणा म्हणून इंदूर रस्त्यावर उतरलं. अभ्यास मंडळाचे मुकुंद कुलकर्णी त्या आंदोलनात पुढे होते, कॉलेजातली मुलं होती, मिलचे मजूर होते, दुकानदारही होते. 1978 मध्ये जलूदहून उपसलेलं पाणी 70 किलोमीटर चालून, विंध्य चढून शहरात आलं. आजी म्हणायची, "त्या वर्षी मजूर नि शेठ एकाच मोर्च्यात चालले, कारण तहान दोघांना एकच होती." लगेच पुढे जोडायची, "पाणी आल्यावर परत आपापल्या गल्लीत गेले, ते वेगळं."

आम्ही बेटम्याला आलो ते पीथमपूरमुळे. ऐंशीच्या दशकात तिथे कारखाने उभे राहू लागले आणि पाइप टाकणाऱ्यांना दिवस बरे आले. इंदूर-अहमदाबाद रस्त्यावरचं हे गाव बाबांना मधोमध पडलं: साइट जवळ, भाडं कमी, इंदुरातून माल आणायला ट्रक हाताशी. आजीनं यायला नाही म्हटलं नाही, कारण बेटम्याची बावडी तिला ठाऊक होती. गुरू नानक इथे आले होते आणि त्यांच्यामुळे बावडीचं खारं पाणी गोड झालं, अशी श्रद्धा आहे. गुरुद्वाऱ्यात पाण्याची ओंजळ घेताना ती बाबांकडे बघून म्हणायची, "हे काम बिनपाइपाचं झालं हो."

आमचं मूळ कोकणातलं. पण बेटम्याला कोकण आमच्याही आधीचं ठाऊक. परमार राजा भोजाचा 1020 सालचा ताम्रपट या गावी सापडला. द. बा. डिस्कळकरांनी तो वाचून छापला. कोकण घेतल्याच्या विजयपर्वावर भोजानं दिलेलं हे दान आहे. बाबांना हे कळलं तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, "त्यानं कोकण घेतलं, आम्ही कोकणातून येऊन इथे उधारी घेतली."

उधारीचा तो किस्सा खरा आहे. एका कारखान्याची पाइपलाइन बाबांनी वेळेत पुरी केली, पण अनामत म्हणून अडकवलेली रक्कम दोन वर्षं सुटेना. असे अडकलेले ठेकेदार आणखीही होते. कुणीतरी वकिलाला विचारून आलं. 1926 चा ट्रेड युनियन कायदा तेव्हा फक्त मजुरांसाठी नव्हता, मालक-मालक यांच्यातले संबंध राखण्यासाठीही त्याखाली संघटना होऊ शकत होती आणि नोंदणीला सात जण पुरत. झालं. बेटम्याच्या बसस्टँडजवळ चहाच्या टपरीवर पोहे-जिलेबी मागवून सभा भरली. ठराव असा की अनामत सुटेपर्यंत त्या कारखान्याला कुणी दर द्यायचा नाही. सहांनी सह्या केल्या. सातवा म्हणाला, उद्या करतो. उद्या कळलं, आदल्या संध्याकाळीच त्यानं त्याच कारखान्यात सगळ्यांपेक्षा कमी दराचं कोटेशन टाकलं होतं.

बाबांचा राग त्या सातव्यावर फार दिवस टिकला नाही. "त्याच्या पोरीचं लग्न होतं," ते म्हणत. राग राहिला तो स्वतःवर. कंत्राटी कामगारांचा 1970 चा कायदा 20 मजुरांपासून लागू व्हायचा, म्हणून त्या काळच्या कितीतरी ठेकेदारांच्या रजिस्टरवर मजूर बरोबर 19 असत. बाबांच्याही. विसावा माणूस रोज हजर असायचा, फक्त कागदावर नसायचा. "आम्ही सात जण एकमेकांवर विश्वास ठेवायला बसलो," ते म्हणाले, "आणि ज्यांच्या हातानं काम व्हायचं त्यांना मोजतही नव्हतो. ती सभा मोडायचीच होती."

त्या विसाव्यांत ओडिशाची मुलं असत, केंद्रपाडा जिल्ह्यातल्या पट्टामुंडईकडची. देशभर प्लंबिंग करणारी ही मुलं एकमेकांना बोलावतात, एका खोलीत सहा राहतात, जुना नव्याला आटे पाडायला शिकवतो. नोंदणी नाही, शिक्का नाही. पण एकाची मजुरी बुडाली की दुसऱ्या दिवशी सहाही गायब. बाबा म्हणत, बेटम्यात खरी युनियन एकच होती आणि ती उडिया बोलत होती.

मालव्यात ही रीत नवी नाही. मंदसोरच्या शिलालेखात रेशीम विणणाऱ्यांच्या श्रेणीची हकीकत आहे. ते लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, बायकामुलांसह दशपुरात, म्हणजे मंदसोरातच, आले. इथे कुणी धनुर्विद्येत रमले, कुणी ज्योतिष शिकले, कुणी विणतच राहिले, पण श्रेणी मोडली नाही. 436 साली त्यांनी सूर्यमंदिर बांधलं आणि 473 साली श्रेणीनंच ते दुरुस्त केलं. मंदिर बांधणारे पुष्कळ सापडतात; दुरुस्तीला हजर राहणारी संघटना विरळा. स्कंदगुप्ताच्या काळातला 'इंदोर ताम्रपट'ही तेल्यांच्या श्रेणीचा आहे, फक्त ते इंदोर आपलं नव्हे, उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यातलं. सूर्याच्या देवळातल्या दिव्यासाठी ठेवलेल्या ठेवीची त्यात अट आहे: श्रेणी गाव सोडून दुसरीकडे गेली तरी चालेल, एकजूट असेतोवर ठेव तिचीच. गावाला नव्हे, एकजुटीला दिलेला हा हवाला. केंद्रपाड्याच्या त्या सहा जणांच्या खोलीवर तो पाटीसारखा लावता आला असता.

इंदूरच्या मिलमजुरांनी ही एकजूट किती ताणली, ते सगळ्या शहरानं पाहिलं. 1991 च्या 12 डिसेंबरला हुकुमचंद मिल बंद पडली. कामगारांच्या देण्याचा धनादेश निघाला 2023 च्या डिसेंबरात. कितीतरी जणांचे पैसे त्यांच्या विधवांनी घेतले. 32 वर्षं लाइन उघडायला युनियन बसवलेलीच नव्हती. होती ती फक्त कोर्टाची करवत.

म्हणून भाऊ शिकागोची रचना सांगू लागला तेव्हा बाबांनी कान टवकारले. अमेरिकेत 1889 साली दोन गोष्टी झाल्या. प्लंबर आणि पाइपफिटर कामगारांची देशव्यापी युनियन निघाली, आणि त्याच वर्षी वाफेचं, गरम पाण्याचं काम करणाऱ्या ठेकेदारांनीही आपली संघटना काढली. म्हणजे लाइनीची दोन्ही टोकं एकाच वर्षी बसली. मधला नट म्हणजे दर काही वर्षांनी होणारा करार. मजुराच्या दर तासामागे ठेकेदार पेन्शन, औषधपाणी आणि शिक्षणाच्या निधीत ठरलेली रक्कम टाकतो.

"तो पैसा कुणाच्या ताब्यात?" बाबांचा पहिला प्रश्न.

"विश्वस्तांच्या. निम्मे आमचे, निम्मे युनियनचे. 1947 चा कायदाच तसा आहे."

"आणि शिकाऊ पोरगा किती वर्षं शिकतो?"

"पाच."

बाबा गप्प झाले. त्यांच्या हाताखाली पोरगा पाच महिन्यांत मिस्त्री म्हणवून घ्यायचा. भावाला वाटलं काका कंटाळले, म्हणून त्यानं शिकागो नदीची गोष्ट काढली. गळती शोधायला प्लंबर पाण्यात रंग सोडतात. तो रंग एका प्लंबरच्या कपड्यांवर हिरवागार उतरलेला पाहून त्यांच्या युनियनच्या म्होरक्याला कल्पना सुचली आणि 1962 पासून सेंट पॅट्रिकच्या सणाला ते नदी हिरवी करतात. बाबांना ही गोष्ट फार आवडली. "इंदूरच्या खान नदीत सोडून बघितला पाहिजे," म्हणाले, "गळती कुठून कुठून येते ते सगळं दिसेल."

मग त्यांनी भावाला विचारलं, "भांडण झालं तर काय करता?"

"टेबलाशी बसतो काका. दोन्हीकडचे सारखे लोक. कधी संपही होतो. पण पुन्हा त्याच टेबलाशी यावं लागतं."

"मग बरोबर जागी शिरलास," बाबा म्हणाले. "वर्गणी वेळेवर भर."

फोन ठेवल्यावर आम्ही टाकीकडे वळलो. बॉलकॉकच्या आधी आबांच्या पेटीतली पाऊण इंची युनियन होती, जुन्या घरातून काढून आणलेली, गंजानं तपकिरी झालेली. बाबांनी एक पान्हा माझ्या हातात दिला. "तू धर. नुसतं धर, फिरवू नकोस." त्यांनी नट फिरवला. लाइन उघडली, थोडं गढूळ पाणी माझ्या पायावर आलं. त्यांनी आतला खडा बोटानं काढला, वायसर बदललं, दोन्ही तोंडं फडक्यानं पुसून समोरासमोर आणली आणि नट हातानंच फिरवत नेला.

मी पान्हा लावून शेवटचा जोर देणार तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"बस. परत उघडायचीय."