गृहशिक्षण : अभ्यासक्रम व साधनांची निवड (कागल)

गृहशिक्षण : मुलाला शाळेत न घालता, किंवा शाळेतून काढून, त्याच्या शिक्षणाची जबाबदारी आईवडिलांनी स्वतः पत्करण्याची पद्धत. प्रस्तुत नोंदीत या पद्धतीतील अभ्यासक्रम व साधनांच्या निवडीचा विचार कागल (जि. कोल्हापूर) या गावाच्या संदर्भात केला आहे. पुणे–बंगळूर महामार्गावर कोल्हापूरच्या दक्षिणेस सुमारे 20 किमी.वर असलेल्या या तालुक्याच्या गावाशी शिक्षणाच्या दोन टोकांच्या कथा जोडलेल्या आहेत. एकीत मुलासाठी शिक्षक नेमले गेले, दुसरीत मुलाला शाळेत जाण्यासाठी बापाशी झगडावे लागले.

कागलची जहागीर घाटगे घराण्याची. थोरल्या पातीच्या जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटग्यांचे पुत्र यशवंतराव (जन्म 26 जून 1874) 17 मार्च 1884 रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजातील शिक्षणानंतर 1889 पासून त्यांचा अभ्यास धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर या आय. सी. एस. अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली खासगीरीत्या चालला. सोबत धाकटे बंधू पिराजीराव ऊर्फ बापूसाहेब (पुढे कागलचे अधिपती), नात्यातली मुले आणि भावनगरचे भावसिंहजी होते. साहाय्यक शिक्षकांपैकी रघुनाथ व्यंकाजी सबनीस पुढे कोल्हापूरचे दिवाण झाले. इंग्रजी, इतिहास आणि राज्यकारभाराला लागणारे विषय शिकवले जात. भरीला उत्तर हिंदुस्थान, दक्षिण हिंदुस्थान व सिलोनचे लांबलांबचे दौरे होते, कारण राजाला देश पुस्तकातून कळून भागत नाही. 2 एप्रिल 1894 रोजी कारभाराची सूत्रे हाती आली तेव्हा हे शिक्षण संपले. फ्रेझरनी पुढे म्हैसूरच्या महाराजांनाही शिकवले.

या अभ्यासाच्या शेवटी परीक्षा नव्हती. शिकून हे मूल पुढे काय करणार, हे पहिल्या दिवशीच ठाऊक होते, म्हणून काय शिकवायचे हे ठरवणे सोपे गेले. एकट्या मुलाचा घरात जीव रमत नाही ही गृहशिक्षणाची जुनी अडचण भावंडे व सोबती एकत्र ठेवून सोडवली होती. सामान्य घराला ना फ्रेझर परवडतो ना सिलोनचा दौरा, हे त्या विद्यार्थ्याने पुढे नीट ओळखलेले दिसते. 1917 मध्ये त्यांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. खासगी शिक्षकांच्या हाताखाली शिकलेला राजा शाळेच्या सक्तीचा एवढा आग्रही निघाला, हे आजच्या गृहशिक्षणवाद्यांनी विसरू नये.

दुसरी कथा आनंद यादवांची. त्यांचा जन्म 1935 मध्ये कागलचा. ‘झोंबी’ (1987) या त्यांच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीला 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बापाने शाळेतून काढून शेतावर जुंपलेला मुलगा आईच्या मदतीने पुन्हा शाळेत कसा जातो, हे तिच्यात आहे. मराठीच्या मास्तरांनी लावलेली कवितेची गोडी तो रानात घेऊन जातो. पिकाला पाणी पाजताना कविता म्हणतो. गुरे राखताना कागद नसला की म्हशीच्या पाठीवर काठीने, नाहीतर दगडावर खड्याने ओळी लिहितो. साधनांच्या लांबलचक याद्या करणाऱ्या पालकांनी हा भाग जरूर वाचावा, पण हलाखी हेच उत्तम साधन असा अर्थ त्यातून काढू नये. म्हशीची पाठ तिथे कामी आली ती मास्तर आधी भेटले म्हणून.

आजच्या निवडीला कायद्याची चौकट आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 हा 1 एप्रिल 2010 पासून लागू असून तो 6 ते 14 वयाच्या मुलांविषयी आहे. त्यात गृहशिक्षणाचा उल्लेख नाही. घरी शिकणाऱ्या मुलाचे नाव शाळेच्या पटावर नसल्याने पाहणीत ते शाळाबाह्य ठरू शकते. घरचा बेत फसला तर याच कायद्याच्या कलम 4 नुसार मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. पटावर नाव नसण्याचा तोटा मात्र खरा आहे. शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज शाळेमार्फत जातात. कोल्हापूर जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय कागललाच आहे, पण त्याच्या सहावीच्या निवड परीक्षेसाठी पाचवीत मान्यताप्राप्त शाळेत शिकत असण्याची अट असते. घराजवळची ही वाट बहुधा बंदच राहते.

म्हणून अभ्यासक्रमाची निवड शेवटाकडून करावी लागते : मूल कोणत्या परीक्षेला बसणार? मराठी घरांना तीन वाटा जवळच्या. पहिली महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची. इथे पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी या चार पातळ्यांवर परीक्षा देता येते. पाचवीसाठी वयाची 10, आठवीसाठी 13 आणि दहावीसाठी 15 वर्षे पूर्ण लागतात. दुसरी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. 1989 मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झालेल्या या संस्थेला सध्याचे नाव 2002 मध्ये मिळाले. दहावीच्या पातळीवर 14 वर्षांचे मूल नाव नोंदवू शकते, पाच विषय पुरतात, मराठी माध्यम आहे आणि परीक्षा वर्षातून दोनदा होते. तिसरी वाट म्हणजे राज्य मंडळाचा सतरा नंबर फॉर्म. बाहेरून दहावी म्हटले की गावात बहुतेकांना हाच आठवतो. पण त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, त्यामुळे ज्याने शाळेचा उंबरठाच ओलांडलेला नाही त्याला तो कामाचा नाही. परदेशी मंडळांचे खासगी परीक्षार्थी होणेही शक्य आहे, परंतु शुल्क, इंग्रजी माध्यम आणि परीक्षा केंद्राचे अंतर पाहता कागलच्या घराला ते सहसा झेपणारे नाही.

मग भाषा. कागलच्या पुढे दुधगंगा ओलांडली की कोगनोळीपासून कर्नाटक सुरू होतो. बाजारात, सोयरिकीत कानडी कानावर पडत असते. शाळेला एक माध्यम धरून चालावे लागते, घराला तसे बंधन नसते. कानडी बोलणारी आजी घरात असेल तर दुसऱ्या भाषेचे पुस्तक शोधत हिंडायचे कारण नाही. परीक्षेची भाषा मात्र आरंभीच ठरवावी, कारण गणित-विज्ञानाच्या संज्ञा अर्ध्या वाटेत बदलल्या की चांगले मूलही गोंधळते.

पाठ्यपुस्तकांची अडचण फारशी नाही. 27 जानेवारी 1967 रोजी स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तके कोल्हापूरच्या भांडारात स्वस्तात मिळतात आणि संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते. त्याचे जुने अंकही महाजालावर आहेत आणि वाचनासाठी ते अनेक महागड्या संचांपेक्षा सरस आहेत. मराठी विश्वकोशही तिथेच मोफत आहे. कोल्हापुरात 1850 पासूनचे करवीर नगर वाचन मंदिर आहे. शिक्षणाच्या वेगळ्या वाटा पाहायच्या तर लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाचे काम समजून घ्यावे. ती शाळा आहे, पण घरी शिकवणाऱ्याला तिच्याकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

साधने विकत आणण्याआधी भोवती नजर टाकावी, हा धडा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी व कोसबाड येथे घालून दिला. माँटेसोरीच्या किमती साहित्याऐवजी त्यांनी बिया, शंख-शिंपले, पाने, खडे वापरले. पुण्यात अरविंद गुप्ता यांनी हेच विज्ञानात केले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे आणि त्यांत काड्यापेटीच्या काड्या खोचायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन बोट लावताच कलंडतो. कर्ण म्हणून पाचवी काडी घातली की तोही ताठ उभा राहतो. पत्र्याच्या शेडच्या कैच्या तिरक्या का असतात, हे त्यानंतर पोराला सांगावे लागत नाही.

कागलच्या पोराचे क्षेत्रफळ उसाच्या रानात शिकून व्हावे. गुंठा म्हणजे 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद जमीन, 1,089 चौरस फूट. दोरीने तो आखायचा, चार कोपऱ्यांवर खुंट्या मारायच्या. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर, 43,560 चौरस फूट. मग घरचा सातबारा काढायचा. त्यावर एकर दिसत नाही, हेक्टर-आर असतात. 100 चौरस मीटरचा एक आर, 100 आरचा एक हेक्टर, आणि दोन एकराला सुमारे 0.81 हेक्टर. दशांश अपूर्णांक, एककांचे रूपांतर आणि अंदाजाचा हिशेब एका कागदावर येतो. शेवटी आजोबांचा तोंडी आकडा आणि सातबाऱ्यावरचा आकडा जुळतो का, हेही मूल उत्सुकतेने तपासते. बर्फ आणि मेपलच्या पानांवरून मोजणी शिकवणारा परदेशी तयार संच इथे कशासाठी मागवावा, हे कळत नाही.

सर्वांत दुर्मीळ साधन माणूस. पालकांपैकी एकाला रोजचे काही तास मोकळे नसतील तर निवडलेला अभ्यासक्रम कपाटातच राहतो आणि मूल दिवसभर मोबाइलवर. दोघेही एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या घराने गृहशिक्षणाच्या फंदात पडू नये, असे स्पष्ट म्हणावे लागते. विज्ञानाचे प्रयोग, खेळ आणि वरच्या वर्गांचे गणित यांसाठी बाहेरचे कोणीतरी लागतेच. निवृत्त शिक्षक, तालमीतले वस्ताद, गॅरेजवाला, ग्रंथपाल अशी माणसे कागलमध्ये आहेत, पण त्यांच्याकडे पालकाला स्वतः जाऊन शब्द टाकावा लागतो.

पुस्तके वर्षाच्या मध्येही बदलता येतात. कागदपत्रांचे तसे नाही : जन्मदाखला, आधार, आधी शाळेत नाव असल्यास शाळा सोडल्याचा दाखला. ही कागदपत्रे पहिल्याच वर्षी एका फाइलीत ठेवावीत आणि मंडळांच्या अर्जांच्या तारखांवर दरवर्षी लक्ष ठेवावे. वय आणि अर्हतेचे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचावे.