सागरकिनारी तंबूनिवास : कुटुंबासाठी जागा, ऋतू आणि भरतीचे गणित

सागरकिनाऱ्याजवळ तंबू ठोकून कुटुंबासह एक-दोन रात्री काढणे ही सुट्टीची रीत गोव्यात नवी वाटली, तरी समुद्रालगत मुक्कामाला जाण्याची परंपरा येथे जुनी आहे. पोर्तुगीज काळात मडगावची सुखवस्तू कुटुंबे उन्हाळ्यात हवापालटासाठी कोलव्याकडे मुक्काम हलवीत. अशा मुक्कामाला ‘मुदांस’ हा पोर्तुगीजोद्भव शब्दच रूढ झाला होता. अंतर्भागातील शेतकरी कुटुंबे मे महिन्यात खाऱ्या पाण्याच्या न्हाणासाठी किनारा गाठीत. अंगदुखीवर आणि त्वचाविकारांवर समुद्रस्नान गुणकारी, अशी त्यामागची श्रद्धा. या दोन्ही प्रथांत रात्रीचा निवारा सहसा वाळूवर नसे. तो किनाऱ्यामागच्या वाड्यावर, एखाद्या मच्छीमाराच्या घरात किंवा माडांच्या भाटात असे. दिवसा समुद्र आणि रात्री माडांची सावली, ही ती विभागणी. आजच्या तंबूनिवासातील बहुतेक अडचणी ही विभागणी मोडल्यामुळेच उद्भवतात.

वाळूवर तंबू का नको

किनाऱ्याची रचना पाण्यापासून जमिनीकडे पाहत गेल्यास तीन पट्टे दिसतात. पहिला भरती-ओहोटीचा ओला पट्टा. दुसरा कोरड्या वाळूचा, त्याच्या माथ्यावर वाळूच्या टेकड्या. तिसरा टेकड्यांमागचा, जेथे सुरू, माड, काजू आणि वस्ती सुरू होते. दुसऱ्या पट्ट्यावर जांभळट गुलाबी फुलांची, शेळीच्या खुरासारख्या पानांची एक वेल पसरलेली असते. तिला मराठीत मर्यादवेल म्हणतात. समुद्राची मर्यादा दाखविणारी वेल, असा या नावाचा सरळ अर्थ, आणि तो वनस्पतिशास्त्रालाही मान्य व्हावा असा आहे : रोजच्या भरतीच्या माऱ्यात ही वेल तग धरीत नाही, त्यामुळे तिची कड म्हणजे पाण्याच्या नेहमीच्या पोहोचीची कड. तंबू तिच्या अलीकडे नको, हे उघड आहे. पण तिच्यावरही नको. तिची मुळे सैल वाळू धरून ठेवतात. तंबूखाली ती चिरडली की पुढच्या पावसाळ्यात टेकडीला तेथूनच खिंडार पडते. पेडण्यातील केरीच्या किनाऱ्यावर सुरूची झाडे मुळांसकट कोसळलेली अनेकांनी पाहिली असतील. तेथील धूप तंबूंमुळे झालेली नाही, पण वाळूची टेकडी गेली की मागे काय होते, याचा तो धडधडीत नमुना आहे.

कायद्याची भूमिकाही याच दिशेची आहे. किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची. तिच्या जागी २०११ आणि २०१९ च्या अधिसूचना आल्या. वाळूच्या टेकड्या आणि कासवांची विणीची स्थाने यांना त्यांत सर्वाधिक संवेदनशील वर्गात स्थान आहे. एका कुटुंबाने एका रात्रीसाठी उभारलेला कापडी तंबू म्हणजे बांधकाम नव्हे, हे खरे. परंतु खांब रोवून, वीज ओढून भाड्याने दिले जाणारे तंबू हा व्यवसाय आहे आणि त्याला परवानगी व पर्यटन खात्याकडील नोंदणी लागते. आगाऊ पैसे भरण्यापूर्वी नोंदणीची प्रत मागण्यात संकोच बाळगू नये. शिवाय पर्यटनस्थळ संरक्षण व देखभाल कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणे, मद्यपान करणे आणि बाटल्या फोडणे दंडनीय ठरविले आहे. म्हणजे किनाऱ्यावर चूल मांडण्याची हौस कायद्यातही बसत नाही.

याखेरीज किनारा ही कामाची जागा आहे, हे पर्यटकांच्या ध्यानात सहसा येत नाही. पहाटे होड्या वाळूवर ओढल्या जातात, रांपण लावली जाते, जाळी पसरली जातात. त्या वाटेत उभा असलेला तंबू रांपणकारांना अडचणच वाटणार.

भरतीचे गणित

गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते आणि प्रत्येक दिवशी ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा भरती-ओहोटीतील अंतर सुमारे दोन मीटरपर्यंत जाते. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, ते बरेच कमी होते. कोकणपट्टीवर एक जुना आडाखा आहे : तिथीची पाऊणपट करावी, येणारा आकडा ही भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा आडाखा ढोबळ आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक सहज पडतो. नेमक्या वेळा हव्या असल्यास भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-तक्त्यातील मुरगाव बंदराचे आकडे पाहावेत.

मात्र वेळेपेक्षाही महत्त्वाची अशी एक गोष्ट आहे आणि ती बहुतेक माहितीपत्रकांत नसते. आपल्या किनाऱ्यावरील दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. पावसाळ्यात उधाणाची मोठी भरती दिवसा येते. हिवाळ्यात हा क्रम उलटतो आणि मोठी भरती रात्रीची असते. तंबूनिवासाचा मोसम हिवाळ्याचा. दुपारी किनाऱ्यावर पोहोचलेले कुटुंब दिवसाच्या भरतीचे पाणी कोठवर आले हे पाहते, त्यापासून चार पावले मागे तंबू ठोकते आणि निश्चिंत झोपते. मध्यरात्रीच्या सुमारास पाणी त्याहून वर येते. उंचीतील फरक वीतभर असला, तरी गोव्यातील सपाट किनाऱ्यांवर तो आडवा फार पसरतो : ३० मीटरला एक मीटर असा उतार असेल, तर ३० सेंटिमीटर वाढलेले पाणी नऊ मीटर आत शिरते. भांगात ठोकलेला तंबू तसाच ठेवून उधाणापर्यंत मुक्काम लांबविणाऱ्यांची गतही हीच.

भरतीच्या तक्त्यात न दिसणारे आणखी एक पाणी असते. दक्षिण हिंदी महासागरातील दूरच्या वादळांनी उठलेल्या दीर्घ लाटा कधी कधी, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, येथे वारा नसताना किनाऱ्यावर चढतात. केरळात यांना ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोर समुद्र, म्हणतात. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा संस्था उंच लाटांचा इशारा आधी देते. तो पाहिल्यावाचून निघू नये.

कासवांच्या रात्री

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे गोव्यातील कासवांच्या विणीचे संरक्षित किनारे. येथे ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारणतः नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल या काळात रात्री वाळूवर येते, खड्डा खणून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजविते आणि पुन्हा समुद्रात जाते. पिल्ले ४५ ते ६० दिवसांनी बाहेर पडतात. हा काळ आणि तंबूनिवासाचा मोसम तंतोतंत एकच आहे, हीच अडचणीची बाब. वर चढत असलेल्या मादीला उजेड किंवा हालचाल जाणवली तर ती अंडी न घालताच परत फिरते. पिल्ले पाण्याकडे जाण्यासाठी समुद्रावरील अंधुक प्रकाशाचा आधार घेतात. किनाऱ्यावर त्याहून प्रखर दिवा असला की ती उलट जमिनीकडे चालू लागतात आणि कावळ्या-कुत्र्यांच्या तावडीत सापडतात किंवा सकाळच्या उन्हात सुकून मरतात. तंबूतील एक कंदील त्यासाठी पुरेसा असतो.

ही कासवे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. या चार किनाऱ्यांजवळ उतरायचेच असेल, तर मुक्काम वाळूपासून दूर, गावात करावा. वन खात्याने कुंपण घातलेली घरटी दिवसा पाहता येतात. रात्री मादी दिसावी म्हणून बॅटरी घेऊन वाळूवर फिरणे मुलांच्या कुतूहलाच्या नावाखालीही समर्थनीय नाही.

मग तंबू कोठे

सर्वांत सोयीची जागा म्हणजे वाळूच्या टेकड्यांमागचे भाट, आणि तेही भाटकाराच्या परवानगीने. त्या भाटात मुंडकाराचे घर असेल तर त्यालाही विचारणे शिष्टाचाराचे आहे. विहीर, शौचालय आणि रात्री हाकेच्या अंतरावर माणूस या तीन गोष्टी तेथे मिळतात. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर या तिन्हींचे मोल कोणत्याही सागरदर्शनापेक्षा अधिक. वालुकामय जमिनीत शौचखड्डा खणू नये. पाझर थेट विहिरीत जातो.

भाटातही जागा निवडावी लागते. माडाखाली तंबू नको. पिकलेला नारळ किंवा सुकलेली झावळी पूर्वसूचना देऊन पडत नाही. सुरूच्या बनात सावली चांगली असते, पण वाळूतील सुरूची मुळे उथळ राहतात; वारा असेल त्या दिवशी कललेल्या झाडांपासून दूर राहावे. काणकोणकडे जाणाऱ्यांना खोतीगाव अभयारण्याचाही पर्याय आहे. १९६८ साली घोषित झालेले हे अभयारण्य पाळोळ्याच्या किनाऱ्यापासून जवळ असल्याने रात्र रानात आणि दिवस समुद्रावर असा बेत जमतो; तेथील मुक्काम मात्र वन खात्याच्या व्यवस्थेतूनच करावा लागतो. तेरेखोलच्या पलीकडे सिंधुदुर्गात शिरोडा, वेंगुर्ले, मालवण या पट्ट्यात घरगुती निवास व न्याहारीची व्यवस्था पुष्कळ ठिकाणी आहे आणि अंगणात तंबू लावू देणारे यजमानही भेटतात. शिरोड्याचा वेळागर किनारा सुरूच्या बनासाठी प्रसिद्ध आहे. ज्या गावात १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला आणि जेथे वि. स. खांडेकरांनी शिक्षकी केली, ते हेच शिरोडे. मुलांना घेऊन जाण्यास एवढे निमित्तही पुरे.

ऋतू, वारा आणि तंबू

नोव्हेंबरची अखेर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. ऑक्टोबरात परतीच्या पावसाच्या विजा असतात, मार्चपासून उकाडा वाढतो, जून ते सप्टेंबर हा बेत मनात आणण्याचेही कारण नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान किनाऱ्यावर २० अंशांच्या आसपास उतरते. थंडी फारशी नसली, तरी दव भरपूर पडते. म्हणून दुहेरी कापडाचा, वरून हवा खेळणारा तंबू घ्यावा. सर्व बाजूंनी बंद केलेल्या एकेरी तंबूत श्वासाची वाफ थंड कापडावर जमून सकाळी पांघरुणे ओली होतात आणि दोष मात्र तंबू गळतो म्हणून दिला जातो.

दुपारी समुद्राकडून खारे वारे जोराने वाहतात, रात्री जमिनीकडून मतलई वारे मंदपणे. तंबूची अरुंद, ठेंगणी बाजू समुद्राकडे आणि दार जमिनीकडे ठेवल्यास दोन्ही साधतात. वालुकामय जमिनीत नेहमीच्या खुंट्या धरत नाहीत. दोरी काठीच्या मध्याला बांधून ती काठी हातभर खोल आडवी पुरावी, किंवा वाळू भरलेली पिशवी पुरावी.

चूल आणि आग

परवानगीने घेतलेल्या खासगी जागेत लहान गॅस शेगडी सर्वांत सुरक्षित. तंबूच्या आत मात्र शेगडी, निखारे किंवा धुरी काहीही पेटवू नये. कोंडलेल्या जागेतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला तो जागे होऊ देत नाही. उघड्यावरची आग वाळू टाकून विझविण्याची पद्धत घातक आहे. वाळूखालचे निखारे तासन्‌तास धगधगत राहतात आणि वर काहीच दिसत नसल्याने अनवाणी मुलांचे पाय भाजतात. आग पाण्यानेच विझवावी, ओतत राहावी, राख हाताला थंड लागेपर्यंत.

खाण्यापिण्यात साधेपणाच बरा. रात्री उकड्या तांदळाची पेज, खारे, सुक्या सुंगटांची किसमूर. सकाळी पोदेराच्या भोंप्याकडे कान ठेवावेत. पिण्याचे पाणी माणशी किमान तीन-चार लिटर रोज, घरूनच न्यावे. किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्याकडे खारट होत जातात.

पाणी, दंश आणि मदत

गोव्यातील प्रमुख किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षकांची व्यवस्था आहे, पण पोहण्यावरील त्यांची देखरेख दिवसापुरती असते. अंधारात पाण्यात उतरणे हा म्हणूनच निव्वळ अविचार. लाटांच्या दोन रांगांमध्ये शांत दिसणारी पाण्याची पट्टी अनेकदा परतीच्या प्रवाहाची असते. पोहायला तीच जागा सोयीची वाटते आणि तीच आत खेचते. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत न जाता किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडावे. तेरेखोल, शापोरा, तळपण यांसारख्या नद्यांच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी पाण्याला फार ओढ असते. तेथे मुलांना गुडघाभरही उतरू देऊ नये. जेलीफिशचा दंश झाल्यास जागा चोळू नये, गोड्या पाण्याने धुऊ नये. समुद्राच्या पाण्याने धुऊन चिकटलेले तंतू कार्डाने अलगद काढावेत आणि जीवरक्षकाला दाखवावे.

भाटात रात्री सापाचा विचार करावाच लागतो. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते; दंश जवळजवळ दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे दिसली तर अपचन समजून थांबू नये. झोपताना तंबूची साखळी पूर्ण लावणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. बूट आत ठेवावेत, अन्न बाहेर उघडे ठेवू नये, कारण उंदरांमागून साप येतो. दंशावर आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ जातो. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हापशाचे आणि मडगावचे जिल्हा इस्पितळ यांपैकी जवळचे कोणते आणि तेथवर किती वेळ लागतो, हे तंबू ठोकण्याआधीच ठरवून ठेवावे.

परत आल्यावर तंबू गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवूनच गुंडाळावा. खारट दमट कापडाला बुरशी येते, आणि साखळीत साचलेले मीठ पुढच्या मोसमात ती बंद होऊ देत नाही.