रक्षेचा कोनाडा

बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात एकाच गावातून निघणाऱ्या अंत्ययात्रा वेगवेगळ्या वाटांनी जातात. मराठा आणि जैन समाजाची यात्रा स्मशानाकडे वळते व तेथे देह अग्नीच्या स्वाधीन होतो. लिंगायत समाज आपल्या मृतांना बैठ्या स्थितीत भूमीच्या उदरात ठेवतो. मुसलमान कबरस्तानाकडे जातात आणि ख्रिस्ती आपल्या दफनभूमीकडे. १८२९ साली निवर्तलेल्या कित्तूरच्या राणी चन्नम्मांची समाधी बैलहोंगलला आहे, तर १८३१ साली फाशी गेलेल्या संगोळ्ळी रायण्णाचे दफनस्थान नंदगडला आहे. अग्नी आणि माती या दोहोंनाही मान देणारा हा मुलूख आहे. अशा मुलखात कॅथलिक कुटुंबापुढे अलीकडे एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. आपल्या माणसाचे दहन झाले, तर त्याची रक्षा ठेवायची कोठे?

नवा म्हणण्याचे कारण असे की, दीर्घकाळ हा प्रश्न उद्भवतच नव्हता. ख्रिस्ताचा देह थडग्यात ठेवला गेला आणि तेथून तो पुन्हा उठला, या श्रद्धेमुळे आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींनी दफनाचीच रीत स्वीकारली. पुढे १८७६ साली इटलीतील मिलान शहरी आधुनिक दहनगृह सुरू झाले. दहनाचा पुरस्कार करणाऱ्यांपैकी काहींनी पुनरुत्थानाच्या श्रद्धेला आव्हान म्हणूनच हा मार्ग पुढे आणला होता. तेव्हा १८८६ साली रोमने दहनास मनाई केली आणि १९१७ च्या धर्मसंहितेत ती मनाई कायम झाली. स्वतःचे दहन व्हावे असे सांगून ठेवणाऱ्यास धर्मविधीपूर्वक अंत्यसंस्कार मिळत नसे. १९५३ साली गोव्याच्या महाधर्मप्रांतातून बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला, तेव्हाही हाच नियम चालू होता.

याच काळात महाराष्ट्राच्या ख्रिस्ती समाजात एक लक्षणीय घटना घडली होती. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत कालवश झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दहन झाले आणि अस्थी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, नेऊन तेथे समाधी बांधण्यात आली. टिळक प्रॉटेस्टंट पंथाचे असल्यामुळे रोमची मनाई त्यांना लागू नव्हती. तथापि या कवीची रक्षा कोठेही विखुरली गेली नाही, तिला ठिकाण मिळाले व नाव मिळाले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कॅथलिकांसाठी दार उघडले ते १९६३ साली. ख्रिस्ती श्रद्धा नाकारण्याच्या हेतूने दहन स्वीकारलेले नसेल, तर त्यास हरकत नाही, असा निर्णय रोमने दिला. १९८३ च्या धर्मसंहितेने तो कायम केला, मात्र दफनाची शिफारस सोडली नाही. रक्षेचे काय करावे, याचा सविस्तर निर्वाळा २०१६ साली पोप फ्रान्सिस यांच्या कारकीर्दीत झाला. रक्षा दफनभूमीत, चर्चमध्ये किंवा त्यासाठी राखलेल्या पवित्र स्थानी ठेवावी. ती वाऱ्यावर वा पाण्यावर सोडू नये. नातलगांत वाटू नये. आणि अपवादात्मक प्रसंगाखेरीज घरातही ठेवू नये, असे त्यात सांगितले आहे.

येथे सीमाभागातील माणसाची खरी अडचण आहे. वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा आणि या सर्वांना पोटात घेणारी कृष्णा यांच्या काठी शेजारी पिढ्यान्‌पिढ्या अस्थिविसर्जन करीत आले आहेत. परदेशी वारलेल्या मुलाची रक्षा कलशातून घरी येते, तेव्हा नदीची वाट कुटुंबाला परकी वाटत नाही. चर्च ती वाट बंद करते. मग दुसरी वाट दाखविणे हेही तिचेच काम ठरते.

ती दुसरी वाट म्हणजे कोलंबेरियम. लॅटिन भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ कबुतरांची ढाबळ. प्राचीन रोममध्ये भिंतींत ओळीने लहान कोनाडे करून त्यांत रक्षेची पात्रे ठेवीत. दिसावयास ती ढाबळच दिसे. शहराजवळची जमीन महाग होती आणि थडगे बांधणे श्रीमंतांचे काम होते. म्हणून दास, मुक्त झालेले दास व सामान्य कारागीर या कोनाड्यांत विसावत, आणि कित्येक जण त्यासाठी मंडळ्या करून वर्गणी भरीत. सम्राज्ञी लिव्हियाच्या परिवारातील दासदासींचे असे एक विस्तीर्ण रक्षागृह १७२६ साली उत्खननात सापडले. कोनाड्याखालच्या छोट्या पाट्यांवर नाव असे आणि पुष्कळदा काम. ज्यांच्या मालकीची जगात हातभरही भूमी नव्हती, त्यांची नावे अठरा-एकोणीस शतकांनंतर वाचता येतात.

आपल्याकडेही रक्षेला वास्तूचा आधार देण्याची कल्पना नवी नाही. १९२५ साली निपाणीच्या बहिष्कृत परिषदेस आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५६ साली निर्वाण पावले. दादरच्या समुद्रकाठी त्यांचे दहन झाले आणि त्या स्थानी उभ्या असलेल्या चैत्यभूमीच्या स्तूपात त्यांच्या अस्थी आहेत. तेथे दरवर्षी लोटणारा जनसागर, रक्षेला ठिकाण का हवे, याचे उत्तर देतो.

करोनाच्या साथीने हा प्रश्न आणखी तातडीचा केला. २०२० च्या जुलैत केरळातील आलप्पुळा धर्मप्रांताने साथीत दगावलेल्यांचे दहन चर्चच्या दफनभूमीतच करण्याचा निर्णय घेतला आणि रक्षा तेथेच पुरली. प्रसंग कठीण होता. पण माणूस आपल्या समाजाच्या भूमीतून हद्दपार झाला नाही.

२०२३ च्या डिसेंबरात रोमने आणखी एक पाऊल टाकले. अनेकांची रक्षा एकत्र ठेवण्याचे सामायिक पवित्र स्थानही चालेल, असे सांगितले. अट एवढीच की प्रत्येकाचे नाव तेथे नोंदलेले असावे. या सर्व नियमांचे मर्म याच अटीत आहे. देह मातीत विरो वा अग्नीत, ख्रिस्ती श्रद्धेनुसार देवाला तो पुन्हा उभा करणे अवघड नाही. परंतु माणसाची स्मृती मात्र दुबळी असते; तिला पाटी लागते आणि प्रार्थनेसाठी उभे राहावयास जागा लागते.

मानवी देहाची रक्षा भरते दोन-तीन किलो. तिला हातभर लांबीरुंदीचा कोनाडा पुरतो आणि एका थडग्याच्या जागेत उभ्या राहिलेल्या भिंतीत कितीतरी कोनाडे मावतात. लहान गावच्या चर्चलाही अशी भिंत परवडण्याजोगी आहे. मात्र तिचा दर ठरविताना रोमच्या त्या दासांची आठवण राहावी. कोनाडा पैसेवाल्यांच्या मिरवणुकीची वस्तू झाला, तर त्याचा मूळ हेतूच हरपेल. तंबाखूच्या वखारीत राबलेल्या मजुराचे नाव त्याच भिंतीवर, त्याच आकाराच्या पाटीवर कोरले जाईल, तेव्हाच त्या जागेला विसाव्याचे स्थान म्हणता येईल.