एकच ‘मिऱ्या’, संगणकात मात्र दोन

रत्नागिरी शहरालगत समुद्रकिनाऱ्यावर वसलेले मिऱ्या हे गाव मिऱ्या-नागपूर महामार्गामुळे राज्यभर परिचित आहे. या नावातील ‘ऱ्या’ पडद्यावर एकसारखाच दिसला, तरी संगणकात तो दोन निरनिराळ्या पद्धतींनी साठवलेला असू शकतो. त्यामुळे यादीत असलेले नावही शोध घेताना हाती लागत नाही.

र ची दोन रूपे

‘दर्या’ म्हणजे समुद्र, तर ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. पहिल्या शब्दात र रफार होऊन डोक्यावर बसतो. दुसऱ्यात तो य ला डावीकडून जोडला जातो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतही हाच भेद आहे. मराठीत या रूपभेदाने अर्थच बदलतो.

युनिकोडची भूमिका

युनिकोड अक्षराला क्रमांक देते, त्याच्या वळणाला नाही. ल आणि श यांची मराठी व हिंदी वळणे वेगळी असली, तरी त्यांचे क्रमांक समान आहेत; कोणते वळण दाखवायचे हे फाँट ठरवतो. अर्थ बदलत नसल्याने तेथे अडचण येत नाही. र चा भेद मात्र मजकुरातच नोंदवावा लागतो.

१९९६ च्या २.० आवृत्तीत त्यासाठी र, हलन्त आणि ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह असा क्रम होता. पुढे नुक्ता असलेला ‘ऱ’ (क्रमांक ०९३१) आणि हलन्त हा क्रम स्वीकारला गेला. जुन्या मजकुरासाठी पहिला क्रमही वैध राहिला.

परिणाम आणि उपाय

संगणक आकृतीची नव्हे, क्रमांकांची तुलना करतो. युनिकोडच्या सामान्यीकरणाच्या नियमांनीही हे दोन क्रम एकरूप होत नाहीत. एखाद्या प्रणालीने अदृश्य चिन्ह गाळल्यास ‘दऱ्या’चा थेट ‘दर्या’ होतो आणि ‘मिऱ्या’चा ‘मिर्या’.

इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह र ची कळ दाबल्यास ऱ उमटतो. त्यानंतर हलन्त व य टंकित करावा. गावांच्या, मतदारांच्या वा खातेदारांच्या याद्या हाताळणाऱ्या प्रणालींनी शोधापूर्वी दोन्ही क्रम एकच मानणे आवश्यक आहे.