रातकिड्यांच्या जेवणाची वेळ

कोट चढवा. बाहेर केंटकीच्या जंगलात पाऊस नुकताच थांबलाय, संध्याकाळ कोमट आहे. पण मॅमथ केव्हच्या आत पाऊल टाकलंत की गारठा थेट मानगुटीला बसतो. बारा-तेरा अंश, बारा महिने. साल 1842. हातातल्या दिव्यात डुकराच्या चरबीचं तेल जळतंय. त्याचा वास आता बोटांवरून लवकर जायचा नाही. पुढे चाललाय तो स्टीफन बिशप. आहे गुलाम, पण या अंधारातल्या वाटा त्याच्याइतक्या मालकालाही ठाऊक नाहीत.

तो दिवा वर धरतो आणि तुम्ही दचकता. सखल छताला रातकिड्यांची झुंबड लटकलीय! पिवळट-तपकिरी, काटकुळे लांब पाय, मिशा तर अंगाहून कितीतरी मोठ्या. त्यातली एक तुमच्या कानाला चाटून गेलीच. ओरडा खुशाल, ते ओरडणार नाहीत. पंखच नाहीत, किरकिरणार कशाने?

अशाच ओल्या रात्रीची ते वाट बघत होते. कोरड्या हवेत त्यांचं अंग सुकतं, कडाक्याच्या थंडीत बाहेर पडवत नाही. मग दिवसचे दिवस उपास. आज मात्र एकेक जण गुहेच्या तोंडाकडे सरकू लागलाय. कुजकी फळं, अळंबी, मेलेले किडे, जे मिळेल ते पोट टम्म होईस्तोवर हादडायचं आणि उजाडायच्या आत परतायचं.

आता जरा खाली वाका. नाक मुरडू नका, ही त्यांची विष्ठा. आत ना पान ना गवत, म्हणून बारीकसारीक जीव हिच्यावरच तुटून पडतात. शेजारी एक मादी शेपटाकडची लांब नळी वाळूत खुपसून अंडं घालतेय. ती हलायचा अवकाश, तांबूस, बिनडोळ्यांचा एक भुंगेरा तिथलीच वाळू उकरायला लागतो. अंडं सापडलं की फोडून आतलं शोषून घेणार. सगळ्यांचं पोट शेवटी बाहेरच्या त्या एका जेवणावर!

बरंच आत गेल्यावर धूर डोळ्यांत झोंबतो, खोकल्याचे आवाज येतात. क्षयाचे रोगी. इथल्या हवेने बरे होतील म्हणून गुहेचे मालक डॉ. क्रोगन यांनी त्यांना झोपड्या बांधून दिल्यात. सूर्य नाही, शेकोट्यांचा धूर निघून जायला वाट नाही. भूक लागली तरी यांना छतावरल्या मंडळींसारखं रात्री बाहेर पडून चरून येता येत नाही. जेवण गुलाम आणून देतात. तुम्हीही खोकायला लागलात? रुमाल धरा तोंडावर.