डिस्क आहे, पण दिसत नाही

मंडळी, एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली, दिवा लागला, आतून घूंऽऽ आवाजही आला, आणि विंडोज थंडपणे विचारतंय की ही डिस्क फॉरमॅट करायची का? आत पाच वर्षांचे फोटो आणि समोर दोन बटणं. हा पेच आला कुठून, याचा इतिहास मजेशीर आहे. शिवाय तो माहीत असला की भलतं बटण दाबलं जात नाही.

१९५६ साली आयबीएमने 'रॅमॅक'सोबत पहिली हार्ड डिस्क विकायला काढली. २४ इंची ५० तबकड्या, आणि त्यात मावायची फक्त ५० लाख अक्षरं. आजच्या मोबाइलमधले एक-दोन फोटो म्हणा. पण ती डिस्क जन्मभर एकाच मशीनची. ओळख पटवण्याचा प्रश्नच नव्हता.

१९८० ची सीगेटची एसटी-५०६ (५ एमबी!) पीसीत मावण्याएवढी लहान होती, पण तिचा कंट्रोलर वेगळ्या कार्डावर असे. एका कंपनीच्या कार्डाने फॉरमॅट केलेली डिस्क दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला बऱ्याचदा वाचताच येत नसे. पुढे १९८६ च्या सुमारास आयडीई आलं, कंट्रोलर डिस्कवरच बसला आणि डिस्क कुठेही नांदायला मोकळी झाली. मग प्रश्न उरला भाषेचा.

१९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी १० एमबीची डिस्क घेऊन आला. सोबतच्या डॉस २.० ने डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइट्समध्ये पार्टिशन टेबल ठेवलं. हा डिस्कचा सातबारा. कुठला तुकडा कुठे सुरू होतो आणि केवढा आहे, एवढंच त्यात असतं, तेही जेमतेम ६४ बाइट्समध्ये. या टेबलात सेक्टर मोजायला ३२ बिट्स दिले, म्हणून मर्यादा पडली २ टीबीची. १० एमबीच्या जमान्यात ती कुणाला खुपणार? पण २०१० च्या आसपास ३ टीबीच्या डिस्क आल्या, तेव्हा विंडोज एक्सपीला त्या चालाव्यात म्हणून काही एक्स्टर्नल केसेस संगणकाला सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ बाइट्सचा आहे असं सांगू लागल्या. अशी डिस्क केसमधून काढून थेट जोडली की सगळे पत्ते चुकतात. डेटा जागेवर, सातबारा मात्र परक्या मोजमापात!

त्यावर फाइल सिस्टिमची भाऊबंदकी: फॅट १९७७ चं, एनटीएफएस १९९३ चं, अ‍ॅपलचं एचएफएस प्लस १९९८ चं, एपीएफएस २०१७ चं. मॅकवर तयार केलेली डिस्क विंडोजला लावली तर ते "ही भाषा मला येत नाही" असं म्हणत नाही. सरळ "फॉरमॅट करू का?" म्हणतं. खरी गोम इथे आहे.

आणि वीज? यूएसबी २.० (२०००) चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो, आणि तबकडी फिरायला लागताना बऱ्याच डिस्कना त्याहून जास्त लागतं. म्हणून तेव्हा दोन तोंडांच्या केबली आल्या.

तेव्हा तपासायचं याच क्रमाने. आधी केबल आणि पोर्ट बदला. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघा. डिस्क तिथे पूर्ण क्षमतेनिशी दिसते? मग दुखणं बहुधा कागदपत्रांचं आहे. ड्राइव्ह लेटर नसेल तर द्या, मॅकची असेल तर मॅकला लावून बघा. क्षमता शून्य दिसली किंवा आतून टकटक ऐकू आली, तर दुखणं यंत्राचं. लगेच बंद करा आणि रिकव्हरीवाल्याकडे न्या. चालू ठेवाल तेवढं नुकसान वाढेल.

सातबारा हरवला म्हणून शेत वाहून जात नाही. तो हरवणार हे इंजिनिअरांना ठाऊक होतं. फॅट आपल्या तक्त्याच्या सहसा दोन प्रती ठेवतं, एनटीएफएस बूट सेक्टरची प्रत पार्टिशनच्या शेवटी ठेवतं, आणि नवं जीपीटी टेबल आपली दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी. टेस्टडिस्कसारखी फुकट साधनं त्याच प्रती हुडकतात. मात्र आधी दुसऱ्या डिस्कवर पूर्ण नक्कल काढा आणि प्रयोग त्या नकलेवर करा.

क्विक फॉरमॅट फक्त नवा सातबारा लिहितं, जुनं पीक बरंचसं उभं राहतं. पण विंडोज व्हिस्टापासून (२००७) पूर्ण फॉरमॅट अख्ख्या शेतावर नांगर फिरवतं. प्रत्येक सेक्टरमध्ये शून्य! तिथून परत काही मिळत नाही.

असो. तर तो प्रश्न समोर आला की 'कॅन्सल' दाबा. बाकी सगळं नंतर सुचतं :)